घरतांची तेवीस नावं

१

शनिवारी सकाळी जासईच्या घरत भावकीच्या वंशावळीतून तेवीस माणसं नाहीशी झाली.

वंशावळ इंटरनेटवरची होती. भावकीतल्या कुणीही ती उघडावी, आपल्या घरातली नावं, जन्मसाल, फोटो त्यात घालावेत, अशी सामायिक. सगळ्यात वर देवजी घरत आणि त्याची बायको रखमा. खाली त्यांचे तीन मुलगे: गोटीराम, धर्मा आणि सिताराम. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तिन्ही फांद्या जागेवर होत्या. शनिवारी थोरल्या गोटीरामची फांदी मुळापासून गेली. गोटीराम, त्याची बायको गोजरा, मुलं, सुना, नातवंडं, आणि आठ महिन्यांची एक पणतीसुद्धा.

"पणतीचं नाव मीच टाकलेलं, गुरुवारी," मिथुन घरत म्हणाला. "माझी पोरगी ती."

करंजाड्याच्या एका सोसायटीत, स्नेहल सोनकांबळेच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात तो बसला होता. लिफ्ट आठवडाभर बंद होती, त्यामुळे त्याला अजून धाप लागत होती. स्नेहलनं पाणी दिलं आणि समोरच्या खुर्चीत सावकाश टेकली. वय चोपन्न. त्यातली अठ्ठावीस वर्षं बेलापूरच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत दुसऱ्यांचं रक्त बघण्यात गेली. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा नोकरी सोडली. आता ती लोकांना डीएनएचे रिपोर्ट समजावून सांगायची. काम सोपं होतं, पण माणसाला थकवणारं. प्रत्येकाला मूळपुरुष म्हणून कुणीतरी राजा नाहीतर सरदार हवा असायचा. रिपोर्टात निघायचं एखादं इंग्रजी अक्षर.

मिथुननं सांगितलं ते थोडक्यात असं. सितारामचा मुलगा केतन सीवूड्सला राहतो, कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या डोक्यात आलं की भावकीचं मूळ शोधायचं. तीन फांद्यांतून एकेक पुरुष निवडला. गोटीरामच्या फांदीतून नातू मिथुन, धर्माच्या फांदीतून नातू अभय, आणि सितारामच्या फांदीतून स्वतः केतन. तिघांनी गालाच्या आतली लाळ कापसाच्या काडीवर घेऊन दिली. दोन आठवड्यांपूर्वी रिपोर्ट आले. केतन आणि अभयचा हॅप्लोग्रुप, म्हणजे बापाकडच्या रेषेचा गट, एल. मिथुनचा एच.

स्नेहलला पुढचं ऐकायची गरज नव्हती. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, मुलाकडून नातवाकडे, आणि वाटेत जवळजवळ बदलत नाही. तीन सख्ख्या भावांच्या मुला-नातवांत ते एकच निघायला हवं. एकाचं वेगळं निघालं, म्हणजे त्या फांदीत मध्येच कुठंतरी बाहेरचा बाप आला. भावकीनं तो 'कुठंतरी' शोधायला वेळ लावला नव्हता. मिथुनच्या आईकडे बोट दाखवायची कुणाची छाती नव्हती, कारण ती समोर उभी राहून उत्तर देणारी बाई होती. राहिली गोजरा. अठ्ठ्याऐंशी वर्षांची.

दहा दिवसांवर गावदेवीची जत्रा आली होती. पहिल्या नारळाचा मान थोरल्या फांदीचा, म्हणजे बाप वारल्यापासून मिथुनचा. तो आता कुणाचा, यावर कुजबुज चालू होती. पण मिथुन त्यासाठी आला नव्हता. गोजराआजीनं नऊ दिवस चहाशिवाय काही घेतलं नव्हतं.

"मी परत टेस्ट दिली तर?"

"सहा आठवडे लागतील."

"आजी सहा आठवडे नाही काढनार, मॅडम."

स्नेहलनं विचारलं, आजींना कुणी सरळ विचारलं का.

"आईनं विचारलं." मिथुन खाली फरशीकडे बघत राहिला. "आजी येवढंच बोलली, मना इचारू नको, मी नाय बोलनार. हे खोटं हाय असं एकदा म्हनाली असती, तर मी सगळ्या गावाशी भांडलो असतो. तिनं ते म्हटलंच नाही."

२

नावं कुणी काढली हे शोधायला स्नेहलला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. अभयनं ते लपवलंच नाही.

जासईच्या रस्त्यालगत, कंटेनरच्या थप्प्या दिसतील अशा जागी त्याचं ट्रेलरच्या धंद्याचं ऑफिस होतं. एसी चालू, दार उघडं, बाहेरची धूळ टेबलावर. तो तिशीतला, नीटनेटका, आणि आपण योग्य तेच केलं याची खात्री असलेला माणूस होता. त्याचं म्हणणं असं की वंशावळ म्हणजे कागदपत्र. चुकीची नोंद दिसली की काढायची. त्यात राग नाही, लोभ नाही. मान त्याच्याकडे येणारही नव्हता. त्याचे आजोबा धर्मा हे खरं तर मधले, पण धर्मानं हयातीतच मानावरचा हक्क धाकट्या सितारामला सोडला होता. गोटीरामनंतर मान जायचा तो केतनच्या घरात.

"म्हणजे फायदा केतनचा," स्नेहल म्हणाली.

"लोक तसं बोलतात. पन केतनकाका तसला नाही. रिपोर्ट आला तेव्हा तोच म्हनत होता, भावकीच्या ग्रुपवर टाकू नको."

"मग तुम्ही का टाकलात?"

अभय पहिल्यांदा अडखळला. म्हणाला, मी आधी गोजराआजीकडे गेलो होतो. चोरून काही करायचं नव्हतं. तिच्या खाटेजवळ बसून सगळं समजावलं, की आजी, असं असं मशीन असतं, त्यात मिथुनचं रक्त आपल्याशी जुळत नाही. वाटलं होतं ती शिव्या देईल, रडेल. तिनं एकच विचारलं.

"काय?"

"म्हनाली, केतनचा कागद काय बोलतो?"

स्नेहलनं हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला.

"मी सांगितलं, केतनचा बरोबर जुळतो. मग ती भिंतीकडे तोंड करून निजली. तेव्हापासून गप्प हाय. मला वाटलं, पकडली गेली म्हनून."

ऑफिसबाहेर एक ट्रेलर मागे घेताना पीं पीं करत होता. स्नेहल तो आवाज संपेपर्यंत बसून राहिली. आळ आलेल्या बाईनं आपल्या नातवाच्या कागदाबद्दल विचारायला हवं होतं. हिनं दिराच्या मुलाबद्दल विचारलं होतं.

३

मिथुनची बहीण पायल पनवेलला औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती. स्नेहल तिच्याकडे खरं तर आजीच्या तब्येतीविषयी विचारायला गेली. बोलता बोलता पायलनं सांगितलं, की तीन वर्षांपूर्वी कॉलेजच्या एका प्रकल्पात तिनंही अशीच लाळ दिली होती. याच कंपनीला. नंतर तो ईमेल कधी उघडलाच नाही.

"पण मी बाई आहे ना. माझ्यात ते वाय नसतं. काय उपयोग?"

"वाय नसतं," स्नेहल म्हणाली, "पण बाकी सगळं असतं. उघडा बरं."

पासवर्ड बदलण्यात वीस मिनिटं गेली. मध्ये दोन गिऱ्हाईकं आली, एकाला खोकल्याचं औषध हवं होतं, दुसऱ्याला सुट्टे. शेवटी पायलचं पान उघडलं. नातेवाईक दाखवण्याचा पर्याय बंद होता, म्हणूनच आजवर ती कुणाच्याही यादीत आली नव्हती. स्नेहलच्या सांगण्यावरून तिनं तो चालू केला. ह्या कंपनीच्या चाचणीत बापाच्या रेषेबरोबर बाकीचा डीएनएही तपासला जायचा. आई आणि बाप दोघांकडून आलेला. त्यावरून कोण कुणाचं किती जवळचं ते मशीन आपोआप सांगायचं. आणि सख्खी भावंडं ओळखण्यात ते सहसा चुकत नाही.

पान भरायला वेळ लागत होता. स्नेहलला वाटलं, आपण हे उघडायला लावायला नको होतं. यादी येणार, आणि त्यानंतर कुणाचं तरी घर पहिल्यासारखं राहणार नाही. तिनं अठ्ठावीस वर्षं असे कागद लोकांच्या हातात दिले होते.

यादी आली. अभय घरत, चुलत नात्यातला. ते बरोबर होतं. मिथुन घरतचं नाव यादीत कुठंच नव्हतं.

सगळ्यात वर एक नाव होतं. पायलनं ते दोनदा वाचलं आणि स्क्रीन स्नेहलकडे वळवली.

केतन घरत. सख्खा भाऊ.

४

"मिथुनच्या नावावर तपासलेली लाळ मिथुनची नव्हतीच," स्नेहलनं पायलला समजावलं. "ती केतनची. आणि केतनच्या नावावर गेली ती मिथुनची. नमुने बदलले गेलेत."

पायलच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, आणि लगेच तिला पुढचं कळलं. आजी सुटली. पण न जुळणारा एच आता केतनचा झाला, म्हणजे सितारामच्या फांदीचा. हे दोन दिवस कुणाला सांगू नका, भावालाही नाही, असं स्नेहलनं तिच्याकडून कबूल करून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सीवूड्स गाठलं.

केतन ऑफिसात होता. त्याची बायको प्रिया घरून काम करत होती. तिनं लॅपटॉप मिटला आणि विचारलं ते सगळं सांगितलं. रविवारी तिघे इथेच जमले होते. प्रत्येकाची काडी एका नळीत, नळी एका छोट्या पाकिटात. तिनं पाकिटांवर पेनानं नावं लिहिली, डिंकानं बंद केली, ड्रॉवरमध्ये ठेवली. अभय आणि मिथुन संध्याकाळीच परत गेले. मंगळवारी तिनं नळ्या बाहेर काढल्या, पाकिटावरचं नाव बघून नळीवर बारकोडचा स्टिकर लावला आणि कुरिअरला दिल्या.

"माझ्याकडून स्टिकर चुकला का?" तिनं विचारलं. "मी दोनदा बघितलेलं."

ती पाकिटं आहेत का, स्नेहलनं विचारलं. प्रियानं ड्रॉवर ओढला. त्या पाकिटांत ती आता रबरबँड आणि बटणं ठेवायची. तीन पाकिटं. अभयचं फक्त डिंकाचं. केतन आणि मिथुनच्या पाकिटांच्या तोंडावर मात्र पांढरी कागदी चिकटपट्टी, दवाखान्यात ड्रेसिंगवर लावतात तसली.

"ही तुम्ही लावलीत?"

"नाही. मला वाटलं डिंक सुटला म्हणून केतननं लावली असेल."

स्नेहलनं पाकिटं उलटून पाहिली. चूक असती तर पट्टी नसती. कुणीतरी दोन पाकिटं उघडली, नळ्यांची अदलाबदल केली आणि परत बंद केली. तेही रिपोर्ट यायच्या सहा आठवडे आधी. म्हणजे रिपोर्ट काय येणार, हे त्या माणसाला लाळ देतानाच ठाऊक होतं. केतनला ठाऊक असतं तर त्यानं हा उद्योग मांडलाच नसता. अभय आणि मिथुन रविवारी पाकिटं बंद असतानाच निघून गेले. प्रिया सून म्हणून आलेली, आणि पट्टीचं पाकीट तिनं स्वतःच काढून दाखवलं.

बाल्कनीत सिताराम घरत पेपर वाचत बसले होते. एकोणसत्तर वर्षांचे, साखरेनं पोखरलेले. उजवा पाय स्टुलावर होता. पायाला स्वच्छ ड्रेसिंग, आणि त्यावर पांढरी कागदी पट्टी.

५

स्नेहलनं प्रियाला चहा करायला सांगितलं आणि ती बाल्कनीत गेली. एवढ्या वर्षांत तिला एक कळलं होतं. अशा वेळी लांबवलं की माणसाला जास्त लागतं.

"पट्टी तुमचीच आहे," ती म्हणाली. "मी अजून कुणाला बोलले नाही."

सितारामांनी पेपराची घडी घातली. मग परत उघडून नीट घातली.

त्यांनी नाकारलं नाही. उलट बोलू लागले तेव्हा ते थांबेनात. छत्तीस वर्षांपूर्वी आई रखमा गेली. जायच्या आदल्या दिवशी तिनं त्यांना एकट्याला जवळ बोलावलं आणि सांगितलं, की तू माझ्या पोटचा नाहीस. मी बाळंतपणाला माहेरी गेले होते, माझं मूल जन्मतःच गेलं. त्याच दिवशी मिठागरावरची एक मजूर बाई बाळंत होऊन मेली. तिचं पोर मी पदरात घेतलं आणि माझं म्हणून घरी आणलं. ही गोष्ट मला आणि सुईणीला ठाऊक, आणि सुईण केव्हाच गेली. तूही बोलू नकोस.

ते बोलले नाहीत. बायकोलाही नाही. केतननं चाचणीचं काढलं तेव्हा त्यांनी नको म्हणून बघितलं. केतन हसला. सोमवारी घरात कुणी नसताना त्यांनी ड्रॉवर उघडला.

"मिथुनचंच पाकीट का?"

"वरच व्हतं." ते पायाच्या पट्टीवरून बोट फिरवत राहिले. "मला वाटलं, नाय जुळलं तर मशीनची चूक बोलतील. वयनीवर जाईल हे माझ्या डोक्यातच नाय आलं. तिच्यावर आळ आल्यावर रोज ठरवलं, आज सांगतो. रोज संध्याकाळ झाली."

स्नेहलला त्यांचा राग यायला हवा होता. तिला फक्त थकवा आला. तिच्या पिढ्या बिलोलीकडच्या एका गावाबाहेर राहिल्या, आणि आजोबांच्या मागे कुणाचं नाव तिला सांगता आलं नसतं, कारण कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. आणि इथे एक माणूस लिहिलेल्या नावाला चिकटून राहण्यासाठी एका म्हातारीला उपाशी पडू देत होता.

तिनं मग ती एक गोष्ट सांगितली, जी सांगायला ती खरं तर बाल्कनीत आली होती.

"सुईणीशिवाय आणखी एकीला ठाऊक होतं, सितारामकाका. अभयनं रिपोर्ट सांगितला तेव्हा गोजराआजींनी मिथुनचं काही विचारलं नाही. केतनचा कागद काय बोलतो, एवढंच विचारलं. तो जुळतो असं ऐकलं तेव्हाच त्यांना समजलं, की कागद बदललेत. एक शब्द बोलल्या असत्या तर सुटल्या असत्या."

 चहा आला, निवला.

"वयनीला ठाऊक व्हतं," ते शेवटी म्हणाले. "इतकी वरसं."

मग खुर्चीचे हात धरून उठले आणि प्रियाला म्हणाले, केतनला फोन लाव, सरळ जासईला ये म्हणाव. माझा शर्ट दे.

६

जासईच्या घरात, पुढच्या खोलीत पंख्याखाली गोजराआजीची खाट होती. सितारामांनी अभयलाही बोलावून घेतलं होतं. मिथुन आणि त्याची आई दाराशी उभे होते, पायल दुकान अर्ध्यावर टाकून आली होती. केतन गळ्यातल्या ऑफिसच्या ओळखपत्रासकट पोचला, आणि वाटेत प्रियानं त्याला फोनवर काय सांगितलं होतं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

सिताराम दुखऱ्या पायानं खाली फरशीवर बसले. कुणी खुर्ची दिली ती त्यांनी घेतली नाही. सगळ्यांसमोर, न थांबता, त्यांनी सांगून टाकलं. पाकिटं, पट्टी, आई, मिठागर.  आजीचे डोळे मिटलेलेच होते.

"वयनी," ते म्हणाले, "तू का नाय बोललीस?"

गोजराआजीनं डोळे उघडले. आवाज कोरडा पडला होता, म्हणून पायलनं आधी चमचाभर पाणी दिलं.

"सासूनी शपथ घातली व्हती," ती म्हणाली. "आन बोलून काय करू? ह्या वयात तुला पोरका करू?"

मग तिनं तुटक तुटक जे सांगितलं ते खोलीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूच्या बाळंतपणाला सोबत म्हणून तीच गेली होती, स्वतःचं तीन महिन्यांचं पोर कडेवर घेऊन. ते पोर म्हणजे मिथुनचा बाप. सासूला ताप भरला, दूध आलं नाही. मिठागरावरचं पोर दोन दिवस रडत होतं. तेव्हा एकोणीस वर्षांच्या गोजरानं एका बाजूला आपलं आणि दुसऱ्या बाजूला ते, असं दोघांना पाजलं. वर्षभर.

अभय उभाच होता. त्याचा हात आपसूक खिशातल्या फोनकडे गेला आणि थांबला. त्यानं विचारलं, आता झाडात काय करायचं. गोटीरामआजोबांची फांदी परत जोडतो, पण सिताराम आजोबांची...

"माझी काढ," केतन म्हणाला. त्याला ते सहज बोलायचं होतं, जमलं नाही. तो स्नेहलकडे वळला. "मॅडम, एच म्हणजे कोण? मी कोण?"

"एच म्हणजे एक अक्षर," स्नेहल म्हणाली. "हजारो वर्षांपूर्वीचा एक बाप. त्याची लेकरं या देशात सगळ्या जातींत, सगळ्या गावांत आहेत. कागद एवढंच सांगतो. त्याच्यापुढचं त्याला माहीत नसतं."

"कुनाची फांदी नाय काढायची," गोजराआजी म्हणाली. आवाज लहान होता, पण अभयनं फोन खिशातून काढला तो त्याच आवाजानं. "दूध मी पाजला त्याला. कोन काढतो बघू."

अभय भिंतीला टेकून खाली बसला आणि एकेक नाव परत घालू लागला. मध्येच त्यानं मिथुनला त्याच्या मुलीची जन्मतारीख विचारली. मिथुननं लगेच उत्तर दिलं नाही. मग दिलं. मिथुनच्या आईनं पेज गरम करून आणली, आणि आजीनं चार घास घेतले. जत्रेचा नारळ कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. सितारामच म्हणाले, मिथुन फोडेल, मी शेजारी उभा राहीन.

स्नेहलला निघायचं होतं. गुडघे ठणकत होते, करंजाड्याला परत चार मजले होते. ती चपला घालत असताना केतननं आपला फोन उघडून बापाचं पान काढलेलं तिला दिसलं. आईच्या जागी रखमा. त्याच्या शेजारी आणखी एक आई जोडायची सोय होती. त्यानं ती चौकट उघडली आणि अडला.

"तिचं नाव कुणाला माहीत असणार," तो स्वतःशीच बोलला.

"शेवंता," गोजराआजी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"तिचा नाव शेवंता व्हता. मी पानी पाजत व्हते तिला. नाव काय गो तुझा, मी इचारला. बोलली, शेवंता. मग गेली."

"आडनाव?"

"नाय ठाऊक. घाटावरून आलेली, येवढाच बोलली."

केतननं ते नाव टाइप केलं. आडनाव, गाव, जन्मसाल, तिन्ही रकाने रिकामे ठेवले. बटण दाबल्यावर देवजीच्या झाडात, रखमाच्या शेजारी, एक नवी छोटी चौकट उमटली. सितारामांना ती अक्षरं दिसेनात. त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरून बघितला, जवळ आणून बघितला, आणि मुलाला परत दिला.

"वाच."

"शेवंता," केतननं वाचलं. "सिताराम घरत यांची आई."

"परत वाच," सिताराम म्हणाले.